खांदेकऱ्यांचे घराणे

आपल्या मराठी भाषेत बहुतेक प्रत्येक धंद्याला नाव आहे. सुतार, लोहार, कासार, तांबट, अत्तार, भडभुंजा अशी ही यादी वाटेल तितकी लांबविता येईल. परंतु मृताची सर्व व्यवस्था मोबदला घेऊन करणारा जो धंदेवाईक इंग्लंडात व वेल्समध्ये गावोगाव आढळतो, आणि ज्याला तिकडे 'अंडरटेकर' म्हणतात, त्याला आपल्याकडे शब्द नाही. 'खांदेकरी' म्हणावे, तर खांदेकरी हा आप्त नाही तर शेजारी. त्याला कोणी पैसे देत नाही. शब्द नाही याचे कारण उघड आहे. आपल्या मध्यमवर्गीय वस्तीत हे काम धंदा म्हणून कोणी करीत नसे. तो शेजारधर्म होता. कोणी बांबू व सुतळी आणावी, कोणी मडके आणावे, कोणी दाखला काढावा, कोणी लहान मुलांना आपल्या घरी नेऊन जेवू घालावे. प्रत्येक आळीत तिरडी नीट बांधणारा एक अनुभवी गृहस्थ असे, आणि एरवी ज्याची कोणी विचारपूस करीत नसे, त्याला त्या दिवशी सर्वजण शोधीत फिरत.

अशा या शब्द नसलेल्या धंद्यातील एका कुटुंबावर रचलेली एक विनोदी मालिका आमच्या पाहण्यात आली, आणि तिच्यामुळे आमच्या घरात जे विचार व वाद उत्पन्न झाले, ते वाचकांपुढे मांडावे असे वाटले. मालिका जुनी आहे आणि तिच्या जन्मभूमीतही फारशा लोकांच्या स्मरणात नाही. 'फन ॲट द फ्युनरल पार्लर' हे तिचे नाव. 'अंत्यसंस्काराच्या दुकानातील गंमत' असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. बी.बी.सी.च्या 'चॉईस' या वाहिनीवर ती २००१ व २००२ या साली दाखविली गेली. लेखक रीस टॉमस; त्यांनी स्वतः तीत कामही केले. त्यांच्यासमवेत टोनी वे व ॲलेक्स लो हे नट होते. मालिकेतील कुटुंबाचे आडनावही टॉमस. ही मंडळी वेल्समध्ये अंत्यसंस्कारांचा धंदा करतात, आणि तो त्यांना मुळीच जमत नाही. सारे कथानक एवढेच.

अशी मालिका विस्मरणात का गेली, हे समजणे कठीण नाही. 'चॉईस' ही वाहिनी १९९८ साली निघाली ती नव्या डिजिटल पद्धतीच्या प्रक्षेपणासाठी. तिचा लाभ घेण्यास नवे यंत्र लागे आणि ते त्या वेळी पुष्कळ घरांत नव्हते. पुढे फेब्रुवारी २००३ मध्ये ती वाहिनी बंद होऊन तिच्या जागी 'बी.बी.सी. थ्री' आली. आडरस्त्यावरच्या खानावळीत उत्तम स्वयंपाक होत असला तरी गिऱ्हाईक चौकातच जेवते, त्यातलाच हा प्रकार. मालिकेतील मंडळींचे मात्र पुढे बरे झाले. रीस टॉमस यांनी २०१२ साली फ्रेडी मर्क्युरी या विख्यात गायकावर केलेल्या चरित्रपटास आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले. हा गायक पारशी कुळातील, आणि त्याचे बालपणीचे शिक्षण आपल्या पाचगणीस झालेले. तेव्हा हा धागा आपल्यापर्यंत येतो असे म्हणण्यास हरकत नाही.

आमचा एक भाचा शिक्षणासाठी दोन वर्षे कार्डिफ येथे होता. तेथील सोबत्यांकडून त्याला या मालिकेचे काही भाग मिळाले, आणि परत आल्यावर एका रविवारी रात्री त्याने ते घरात सर्वांना दाखविण्याचे ठरविले. आमचे घर अजून एकत्र आहे. दिवाणखान्यात तीन पिढ्या बसतात. कोणता कार्यक्रम पाहावयाचा यावर रोज चकमक झडते. त्या दिवशी विषय कळताच थोरल्या काकूंनी कपाळावर आठी घातली. "भरल्या घरात पाहण्यासारखे दुसरे काही उरले नाही का रे? प्रेतांची कसली थट्टा!" त्या उठून आत गेल्या. तात्या, म्हणजे आमचे थोरले काका, वयाने चौऱ्याऐंशी, ते मात्र बसून राहिले आणि म्हणाले, "लाव रे. त्या विषयात माझ्याइतके लक्ष घालण्याचे कारण या घरात दुसऱ्या कोणाला नाही."

मालिकेतील विनोद सर्वत्र उत्तम आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी तो उटपटांग होतो, काही ठिकाणी हद्द ओलांडतो. तरीही तात्यांपासून सहावीतल्या नातीपर्यंत सर्वजण हसले, हे खरे. ते हसू कशाचे, हा प्रश्न आम्हांस नंतर बरेच दिवस पुरला. मरणाला कोणी हसले नव्हते. मृत मनुष्य अशा कथेत निमूटपणे पडून असतो. साऱ्या मंडळीत चूक न करणारा तेवढा तो एकच. हसू येते ते जिवंतांचे. काळा डगला, खाली घातलेली मान, दबलेला आवाज आणि मोजून टाकलेली पावले असा सारा गांभीर्याचा थाट अंगावर चढविलेला, आणि त्या थाटाच्या आत आपल्यासारखाच धांदरट, भांडकुदळ, भुकेलेला माणूस! डगला आणि माणूस यांचा मेळ बसत नाही, तेथे हसू फुटते.

यात आणखी एक मर्म आहे. शिंप्याने सदरा बिघडविला तर तो उसवून पुन्हा शिवता येतो. आचाऱ्याच्या हातून आमटी खारट झाली तर पुढच्या पंगतीला तो सुधारू शकतो. या एका धंद्यात दुसरी खेप नाही. ज्याचे काम करावयाचे ते गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, आणि जे पैसे देतात ते त्या दिवशी हिशेब पाहण्याच्या मनःस्थितीत नसतात. म्हणून येथे चुकीची भीती सर्वांत मोठी. आणि जेथे भीती मोठी तेथे तिच्यातून सुटल्याचे हसूही मोठे. पडद्यावर चूक घडते, आणि आकाश कोसळत नाही; मृताची विटंबनाही होत नाही, कारण ज्यांनी चूक केली त्यांच्या मनात दुष्टावा नाही. केवळ हात कच्चे आहेत. अशा कच्च्या हातांच्या कुटुंबाशी आपली ओळख जुनी आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ यांचा एक तरी बेत कधी सरळ पार पडला आहे काय? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ते दोघे दिसू लागले तेव्हा दूरचित्रवाणी संच असलेल्या घरी सारी आळी जमत असे. टॉमस कुटुंब हे त्यांच्याच गोत्रातले. धंदा मात्र भलताच.

इंग्रजी वाङ्मयात या धंद्याची थट्टा फार पूर्वीपासून चालत आली आहे. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील सॉवरबेरी शवपेटीच्या आकाराच्या डबीतून तपकीर ओढतो. 'मार्टिन चझलविट'मधील मोल्ड हा गृहस्थ दुसऱ्यांच्या शोकावर आपला संसार आनंदाने चालवितो. डिकन्सला राग होता तो या धंद्याने वाढविलेल्या डामडौलाचा. काळे घोडे, तुरे, झगे, फिती यांच्या खर्चाने गरीब घरे कर्जात बुडत. त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवले की, आपला अंत्यविधी साधा व गाजावाजा न करता व्हावा, आणि येणाऱ्यांनी झगे व काळ्या फिती मिरवू नयेत. तो १८७० साली वारला. पुढच्या शतकात ही थट्टा दूरचित्रवाणीवर आली. १९७९ ते १९८६ या काळात दाखविल्या गेलेल्या 'इन लव्हिंग मेमरी' या मालिकेत थोरा हर्ड या नटीने नवऱ्यामागे हाच धंदा भाच्याच्या साहाय्याने चालविणाऱ्या बाईचे काम केले होते. ती कथा लँकेशायरमधील. ती पुष्कळ लोकांनी पाहिली. टॉमस मंडळी तिच्या मानाने दुर्दैवी ठरली.

परंतु हे घराणे वेल्समध्येच का वसवावे? आमच्या भाच्याने याचे एक उत्तर दिले ते मनोरंजक आहे. वेल्समध्ये आडनावे थोडी. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, टॉमस यांतच निम्मे गाव आटोपते. एका गल्लीत चार जोन्स असले तर ओळखावयाचे कसे? म्हणून नावापुढे धंदा जोडण्याची तेथे रीत पडली: दूधवाला जोन्स, पाववाला विल्यम्स. डिलन टॉमस या कवीच्या 'अंडर मिल्क वुड' या नभोनाट्यात, जे त्याच्या मृत्यूनंतर जानेवारी १९५४ मध्ये प्रथम प्रसारित झाले, गावच्या अंडरटेकराचे नाव 'इव्हान्स द डेथ', म्हणजे मरणवाला इव्हान्स असे आहे. आपल्याकडे कुलकर्णी, जोशी, देशपांडे ही मुळात कामाचीच नावे. ती पिढ्यान् पिढ्या चिकटून बसली व काम गेले तरी नाव उरले. तिकडेही मरणवाल्याचा मुलगा बहुधा मरणवालाच होत असे. धंदा वारशाने आला, आवडीने नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे टॉमस मंडळींच्या अडाणीपणाकडे आपण अधिक ममतेने पाहू लागतो. वडिलांची पेढी चालविणे प्राप्त झाले म्हणून चालविणारी, पण अंगी तिचे गुण नसलेली मुले कोणत्या देशात नाहीत?

दुसरे उत्तर गंभीर आहे. दक्षिण वेल्स हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तेथील दऱ्याखोऱ्यांत मरण हे पाहुणे नव्हते. ते घरच्याप्रमाणे येई. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सेंघेनिद येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार दगावले. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी ॲबरव्हॅन या गावी खाणीतील मातीदगडांचा डोंगर खचून शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. गावातील बेथानिया या प्रार्थनामंदिरात मृतदेह ठेविले होते. त्या वेळी या धंद्यातील कितीतरी माणसे बाहेरगावांहून आपण होऊन आली आणि त्या बालकांचे देह आईबापांना दाखविण्याजोगे करण्यासाठी झटली. हे वाचल्यानंतर 'अंडरटेकर' या शब्दाचा रंगच आमच्यापुरता पालटला. ज्या मुलुखाने असे दिवस पाहिले, तेथल्या दहनदफनाच्या थट्टेस कोणी उथळ म्हणू नये.

त्या खोऱ्यांतील प्रेतयात्रेची जी वर्णने आहेत ती वाचून आपल्याकडचीच आठवण होते. पुष्कळ गावांत पुरुषच तेवढे थडग्यापर्यंत जात. स्त्रिया घरी राहून परतणाऱ्यांच्या चहाफराळाची तयारी करीत. जाणारे लोक एकसुरात स्तोत्रे गात. शोक हा एकट्या कुटुंबाचा न राहता साऱ्या गल्लीचा होई. अशा ठिकाणी विधी चुकला तर तो सर्वांसमक्ष चुकतो आणि पन्नास वर्षे त्याची कथा सांगितली जाते. विनोदी लेखकास याहून अधिक काय हवे?

वेल्समधील आणखी एका प्रसंगाचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही, कारण तो विलक्षण आहे आणि त्याला आपल्या देशाचाही स्पर्श आहे. लान्ट्रिसन्ट गावी विल्यम प्राइस नावाचे एक वैद्य राहत. डोक्यावर कोल्ह्याचे कातडे, वृत्तीने स्वयंभू, स्वतःस प्राचीन ड्रुइड पंथाचा पुरोहित समजणारे. जानेवारी १८८४ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा वारला तेव्हा पुरण्याऐवजी त्यांनी टेकडीवर त्याचे दहन आरंभिले. लोक खवळले, पोलिसांनी त्यांना पकडले, कार्डिफ येथे खटला चालला. न्यायाधीश होते जेम्स फिट्सजेम्स स्टीफन. हे गृहस्थ १८६९ ते १८७२ या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेसदस्य होते, आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा, जो आपल्याकडे २०२४ पर्यंत चालू होता, तो त्यांच्याच हातचा. त्यांनी निर्णय दिला की, लोकांस उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नव्हे. याच निर्णयाने ब्रिटनमध्ये दहनाची वाट मोकळी झाली. १९०२ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. प्राइस १८९३ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे टेकडीवर त्यांचे दहन झाले, आणि ते पाहावयास सुमारे वीस हजार लोक लोटले होते. ज्या मुलुखात खरा इतिहासच असा आहे, तेथे कल्पित टॉमस मंडळींना आणखी वेडेपणा तो काय करावयाचा राहिला?

येथवर परमुलुखाची गोष्ट झाली. आता घराकडे वळू. आपल्याकडे हा धंदा नव्हता असे आम्ही वर म्हटले. ते अर्धेच खरे आहे. खांदा शेजाऱ्यांनी दिला, पण स्मशानात लाकडे रचणारे, राख सावडून देणारे हात कोणाचे होते? ज्यांना समाजाने गावकुसाबाहेर ठेविले त्यांचे. आणि आपल्याच जातीत या कामाचे मंत्र म्हणणारे जे किरवंत, त्यांना तरी आपण कोणत्या पाटावर बसविले? दहाव्याला, तेराव्याला त्यांच्यावाचून अडे. मुंजीला व लग्नाला मात्र त्यांचे दर्शन नको. त्यांच्या घरी मुली देण्यास लोक कचरत. प्रेमानंद गज्वी यांनी 'किरवंत' या नाटकात ही वेदना रंगभूमीवर आणली, आणि ते नाटक पाहून पांढरपेशा प्रेक्षक अस्वस्थ झाले असतील तर ते योग्यच झाले.

आमच्या लहानपणीची एक आठवण आहे. आजी वारली तेव्हा जे गुरुजी क्रियेसाठी येत, ते कृश, उंच व अबोल होते. त्यांना दक्षिणा व शिधा बाहेरच्या ओसरीवर दिला जाई, आणि आम्हां मुलांना त्यांच्या जवळ जाण्याची मनाई होती. दहाव्या दिवशी पुण्यास ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेविले. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. तास गेला. वडीलमंडळींनी एकेक वचन देण्यास आरंभ केला: नातीचे लग्न वेळेवर करू, गावचे घर विकणार नाही, धाकट्याला सांभाळू. कावळा ढळेना. आजोबा एका पायरीवर खाली मान घालून बसले होते. दहा दिवसांत ते कोणाशी धड बोलले नव्हते. तेव्हा त्या अबोल गुरुजींनी हात जोडून हळूच म्हटले, "आजीबाई हयातीत सर्वांची पाने वाढल्यावाचून कधी जेवल्या नाहीत. आज तुम्ही सारे उपाशी. त्या आधी कशा जेवतील?"

क्षणभर शांतता, आणि मग आजोबा हसले. पाठोपाठ सर्वजण हसले. हसता हसता आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि दहा दिवस कोंडलेला शोक प्रथमच मोकळा झाला. कावळा पुढे केव्हा शिवला ते आम्हांस आठवत नाही. ते हसणे मात्र कालच्यासारखे आठवते. त्याच वर्षाअखेर आमच्या थोरल्या बंधूंची मुंज झाली. तिला साऱ्या आळीला अक्षत गेली. त्या गुरुजींना गेली नाही, आणि ते कोणास खटकलेही नाही, कारण रीतच तशी होती. आम्हां मुलांपैकी एकाने विचारले तेव्हा, "त्यांना अशा वेळी बोलावीत नाहीत," एवढेच उत्तर मिळाले.

टॉमस कुटुंबाची मालिका पाहताना हे सारे आम्हांस पुन्हा आठवले. काळ्या डगल्यातल्या माणसाला तिकडेही दाराशीच थांबविण्याची वृत्ती असते. तो भेटला की लोक नजर चुकवितात. विनोदाने काय केले, तर त्याला दारातून आत आणले. तो जेवताना दिसला, भावाशी भांडताना दिसला, पैशाच्या चिंतेत दिसला. ज्याच्या घरची भांडणे आपण पाहिली तो मनुष्य पुन्हा आपल्याला परका वा अशुभ वाटत नाही. गंभीर व्याख्यानाने हे काम झाले नसते असे नाही. पण व्याख्यानास आमच्या दिवाणखान्यात तीन पिढ्या जमल्या नसत्या.

आपल्या रंगभूमीवरही असा प्रयत्न झाला आहे, आणि तो या इंग्रजी मालिकेहून कितीतरी मोलाचा आहे. सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' हे नाटक पुण्यात १९७४ साली आले. त्यातील भाऊराव मरतात, पण हट्ट सोडीत नाहीत. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा त्यांचा आग्रह, आणि जुने स्मशान तर बंद होऊ घातलेले. कीर्तनाच्या थाटात हे सारे चालते. चाळ, शेजारी, मुलगा, पत्नी या सर्वांची वस्त्रे विनोदाने अलगद उतरविली आहेत. परलोकीच्या वाटेवरही जुन्या-नव्याचा वाद घालणारा हा मृत गृहस्थ आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी होऊन गेला आहे.

अलीकडे मात्र आपल्या शहरांतून 'अंडरटेकर' या शब्दाची उणीव भासू लागली आहे. वाडे गेले, शेजार विखुरला, मुले समुद्रापलीकडे. पैसे घेऊन तिरडीपासून दिवसांपर्यंत सारे पाहणारे लोक मोठ्या शहरांत आता मिळतात. याला आम्ही अधःपात म्हणणार नाही. ज्या घरी दोन वृद्धांवाचून तिसरे माणूस नाही, त्यांनी रात्री दोन वाजता बांबू कोठे शोधावे? पण काम परक्याच्या हाती गेले तरी त्या परक्यास माणुसकीने वागविणे आपल्याच हाती राहते. जो आपल्या वडिलांना शेवटचे स्नान घालतो, त्याला पाण्याचा पेला कोणत्या भांड्यातून द्यावयाचा, हा प्रश्न आता तरी कोणत्याही घरात उठू नये.

त्या रविवारी मालिका संपल्यावर तात्या बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, "माझ्या वेळी असा घोळ घालू नका रे. विद्युत्दाहिनी बरी, आणि तेराव्याच्या जेवणावळीचा खर्च एखाद्या मुलाच्या फीला द्या." हा विषय त्यांनी पूर्वी दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा घराने तो बोलू दिला नव्हता. आज हसून झालेले असल्यामुळे असेल, कोणी त्यांना थांबविले नाही. आतून काकूंचा आवाज आला, "दिवस मात्र व्हायचेच. मी असेपर्यंत तरी." त्यावर तात्या म्हणाले, "अहो, तुम्ही असाल तर सगळे तुमच्या मनासारखेच होईल. आजवर कधी वेगळे झाले आहे?" काकू बाहेर आल्या, आणि मग तासभर दोघांचे, व आम्हां सर्वांचे, बोलणे झाले: डोळे दान करावयाचे की नाही, क्रिया कोणी करावी, मुलीने केली तर चालेल काय, लांबच्या मुलांसाठी किती वेळ थांबावे. काही बाबतींत एकमत झाले, काहींत नाही. दिवसांचा प्रश्न तर तसाच आहे. तात्या आपल्या म्हणण्यावर आणि काकू आपल्या.

परंतु जी गोष्ट भीतीने कोंडून ठेविली होती ती घराच्या मध्यभागी येऊन बसली, हे थोडे नव्हे. आपल्या घरांतून धर्म, राजकारण, लग्नकार्य, वाटण्या यांवर आपण रात्र रात्र बोलतो. एकट्या मरणाविषयी बोलणे अभद्र मानतो, आणि मग ते आल्यावर गोंधळलेल्या टॉमस मंडळींसारखे धावाधाव करितो. ज्यांच्या घरी वृद्ध आहेत, त्यांनी हा विषय त्यांच्याचकडून, ते हसत सांगत असता, ऐकून ठेवावा. मालिका मिळाली तर ती पाहावी. न मिळाली तर चिमणरावांचा एखादा अध्याय मोठ्याने वाचावा. बोलणे सुरू होण्यास तेवढे पुरे आहे.